जुन्या विहिरीचं पाणी

चार मासे गेले होते. उरलेले दोन काचेच्या टाकीच्या कोपऱ्यात तळाशी खेटून होते, पर मिटलेले. यशोधरानं बादली, नळी आणि दोन जुन्या साड्या काढून ठेवल्या. दुपारी तिचा भाऊ संघर्ष पिंपरीहून गाडी घेऊन येणार होता. टाकी साड्यांत गुंडाळून माहेरी परत जाणार होती.

लग्नानंतर निरगुडसरला येताना तिनं हे सहा एंजल मासे पाण्याच्या पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून आणले होते. पिंपरीच्या नळाच्या पाण्यात ते चार वर्षं सुखानं राहिले. इथल्या बोअरच्या पाण्यात पाच महिन्यांत चार गेले. कारण तिला ठाऊक होतं. पाणी जड होतं आणि पीएच सव्वाआठच्या खाली टिकत नव्हता. दुकानातून आणलेलं औषध टाकलं की तो सातवर उतरायचा, दुसऱ्या सकाळी पुन्हा होता तिथं. त्या चढउतारानं मासे जास्तच खचले. मग तिनं औषध टाकणं बंद केलं आणि भावाला फोन केला.

ती नळी टाकीत सोडणार तेवढ्यात मागच्या दारातून तिची सासू जानकाबाई आत आली. कडेवर हंडा, कपाळावर घाम. हंडा जमिनीवर ठेवून ती भिंतीला टेकली.

"ह्ये तपास," ती धापा टाकत म्हणाली.

"कुठलं पाणी आणलंत आई?"

"मळ्यातल्या जुन्या विहिरीचं. बोअर घेतल्यापास्नं कुणी शेंदत न्हाई. आधी आमी सगळी धुणी तिथंच धुयाचो. साबण जरा लावला की लई फेस. बोअरच्या पाण्यात वडी संपती, पण फेस काय धरत न्हाई." जानकाबाईनं टाकीच्या काठावरची पांढरी खपली नखानं खरवडली. "आणि ही खपली बघ. अशीच बंबात बी बसती."

पाच महिन्यांत सासूनं टाकीबद्दल एक शब्द काढला नव्हता. तिला टाकी नकोशी आहे, असंच यशोधरा धरून चालली होती.

"विहिरीजवळ कुणी फवारणी केलीय का?"

"औंदा तिथं नुसता गुरांचा घास हाय. शेजारच्या रानात बी इचारलं आन मगच आणलं."

यशोधरानं कपाटातून तपासणीची डबी काढली. काचेच्या नळीत विहिरीचं पाणी रेघेपर्यंत भरलं.

"यात या बाटलीतल्या औषधाचा एकेक थेंब टाकायचा. पाणी आधी नारिंगी होतं. ज्या थेंबाला हिरवं झालं, तो आकडा. जास्त थेंब लागले तर पाणी जड."

"बोअरला किती लागलं?"

"बावीस."

जानकाबाई खाली बसली. "तू टाक. मी मोजते."

पहिला थेंब पडला. पाणी नारिंगी झालं. यशोधरानं नळी हलवली. जानकाबाई मोठ्यानं मोजत होती. चार. पाच. सहाव्या थेंबालाही नारिंगीच. सातव्याला नळीतलं पाणी कोवळ्या पानासारखं हिरवं झालं.

"झालं?"

"झालं आई. सात."

पीएचही साडेसातच्या आत होता. यशोधरानं तो दोनदा तपासला.

जानकाबाईनं लगेच हंडा उचलला आणि टाकीकडे वळली. यशोधरानं घाईनं तिचा हात धरला.

"एकदम नको! एकदम बदललं तर आत्ताच मरतील. रोज दोन तांबे काढायचे, दोन तांबे हे घालायचे."

"बरं." जानकाबाईनं हंडा खाली ठेवला आणि झाकला. "मग संघर्षला फोन लाव. जेवायला ये म्हणावं. पण टाकी न्हायची न्हाई."

यशोधरानं फोन लावला. "जय भीम दादा. ये तू, पण गाडी कशाला, एस्टीनं ये," एवढंच तिचं बोलून झालं. पुढचं जानकाबाईनंच फोन घेऊन सांगितलं, भाकरीबरोबर काय केलंय इथपर्यंत.

त्यानंतर रोज सकाळी सासू-सून विहिरीवर जायच्या. यशोधरा शेंदायची, जानकाबाई काठावर बसून उशीर होतोय म्हणून घाई करायची. पाचव्या दिवशी एका माशाचे पर उघडले. दहाव्या दिवशी दोघेही वर येऊन दाणे खायला लागले. त्यांचे काळे पट्टे पुन्हा ठळक झाले होते. मंचरहून कामावरून आलेला भरत, यशोधराचा नवरा, चहाचा कप घेऊन टाकीसमोरच बसायला लागला.

जानकाबाईनं ही सगळी हकिकत आळीत कुणाकुणाला सांगितली, ते यशोधराला रविवारी कळलं. सकाळी ती पाणी घेऊन परतली, तर ओट्यावर तीन बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या हातात काही ना काही होतं. बाटली, कळशी, झाकण लावलेला डबा. साळुबाई पुढं सरकली.

"आमच्या बोअरचं पाणी बघ गं बाई. डोकं धुतलं की केसांची नुसती जट व्हती. किती थेंब लागत्यात, सांग."

जानकाबाई बशीनं झाकलेला कप घेऊन दारात आली.

"थांबा जरा समद्या," ती म्हणाली. "तिला आधी च्या पिऊ द्या."