रडण्याची साक्ष

बाळंतिणीच्या खोलीबाहेर दोन माणसं लाकडी भिंतीला कान लावून बसली होती आणि एकमेकांची नजर चुकवत होती. एक म्हातारा ऑस्बर्ट, थॉर्नहोमचा जुना शेतकरी. दुसरा त्याचा शेजारी ड्रू. वॉरिननं सकाळी स्वतः घोड्यावर जाऊन दोघांना बोलावून आणलं होतं. समोर बार्लीची बिअर होती, पाव होता, खारवलेलं डुकराचं मांस होतं. कुणी कशाला हात लावला नव्हता.

वॉरिन उभाच होता. आत त्याची बायको इडोनिया कालपासून अडली होती. पाद्री येऊन तिच्या कपाळाला, मरणाऱ्याला लावतात ते, शेवटचं तेल लावून गेला होता. सुईण हॉइसनं दारातून डोकं काढून सांगितलं होतं, की बाळाचं काही खरं नाही आणि बाईसाहेबांची तर आशाच धरू नका. ते ऐकून वॉरिन ढसाढसा रडला होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण मग डोळे पुसून तो साक्षीदार आणायला गेला होता, तेही खरंच.

आता बघा, थॉर्नहोमची गढी, दोन्ही गावं, गिरणी, नदीकाठची कुरणं, सगळं इडोनियाच्या पणजोबापासून तिच्या घराण्यात चालत आलेलं. वॉरिन कुणाचा तरी धाकटा मुलगा, एक घोडा आणि अंगावरचा झगा घेऊन या घरात आलेला. बायको मूल न होता गेली, तर सगळं तिच्या काकाकडे, सर फुल्ककडे जाणार आणि वॉरिन घोड्यासकट रस्त्यावर. पण बाळ जिवंत जन्मलं आणि त्याचं रडणं चार भिंतींच्या आत ऐकू आलं, तर पुढे ते बाळ राहो न राहो, नवऱ्याच्या हातून ती जमीन तो मरेपर्यंत सुटत नाही. कायदाच तसा. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, आणि कोर्टात अशा कामी बाईची साक्ष चालत नाही. मग भिंतीला कान लावायला पुरुष आणायला नकोत? सगळेच आणतात. वॉरिन सकाळपासून स्वतःला हेच समजावत होता, आणि तरी त्याला ऑस्बर्टच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

आत एकाएकी शांत झालं. इडोनियाचं कण्हणंसुद्धा थांबलं. मग काहीतरी बारीक, चिरका आवाज आला आणि लगेच बंद पडला.

वॉरिननं दोघांकडे पाहिलं. ड्रू म्हणाला, आल्यासारखा वाटला खरा. ऑस्बर्ट मात्र डोकं खाजवत बसला.

"मागच्या वाड्यात कोकरं आहेत, धनी," तो म्हणाला. "पवित्र पुस्तकावर हात ठेवून मी म्हणायचं बाळ, आणि समोर सर फुल्क उभे. खोट्या शपथेपायी नरकात मी जायचंय, तुम्ही नाही."

वॉरिननं त्याला समजावलं, चुचकारलं, मग थोडा दमही दिला. म्हातारा हलेना. तेव्हा वॉरिनचा धीर सुटला. त्यानं दारावर मूठ आपटली.

"हॉइस! परत रडव त्याला! चिमटा काढ, काय वाट्टेल ते कर! या लोकांना ऐकू आलं पाहिजे!"

आतून कुणीतरी काहीतरी बोललं. पुन्हा शांतता. आणि मग असं खणखणीत रडणं आलं, की ड्रू बाकावरून उठलाच. ऑस्बर्टनं छातीवर क्रूस काढला. बाळच, म्हणाला, कुठल्याही कोर्टात सांगेन.

वॉरिननं म्हाताऱ्याला मिठी मारली. पावाचा तुकडा तोडून तोंडात कोंबला आणि तोंडात घास असतानाच हसत सुटला. "सुटलो बाबा एकदाचा! आता आत काही का होईना, जमीन कुठं जात नाही."

बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. ड्रूनं मान खाली घातली. ऑस्बर्ट आपली टोपी उगाच झटकत राहिला. मुलगा झाला की मुलगी, हेसुद्धा आपण विचारलं नाही, आणि जिच्यासाठी सकाळी रडलो तिचं तर नावही काढलं नाही, हे त्याच्या आता ध्यानात आलं. लाजेनं त्याचे कान तापले. ही भिंत त्यानंच निवडली होती, फळ्या पातळ म्हणून; आतलं बाहेर येतं, तसं बाहेरचंही आत जातं.

दार उघडलं. हॉइसच्या बाह्या कोपरापर्यंत रक्तानं माखल्या होत्या. मुलगी आहे, ती म्हणाली, आणि बाईसाहेबांचं रक्त थांबलंय, त्या जगतील. वॉरिन देवाचे आभार मानत पुढे झाला. त्यानं बाळाकडे पाहिलं. इवल्याशा मांडीवर लालभडक वळ उठला होता, दोन बोटांचा.

"इतक्या जोरात कशाला काढायचास?" तो कसाबसा पुटपुटला.

"मी नाही काढला," हॉइस म्हणाली. "आत्ता जन्मलेल्या जिवाला मी नाही दुखवणार म्हटलं. बाईसाहेबांनी काढला."

आतून, पलंगावरून, इडोनियाचा आवाज आला. दमलेला होता, रागाचा नव्हता.

"अहो, ऐकू गेलं का सगळ्यांना? का अजून एकदा काढू?"