हरलेल्याने चहा टाकायचा

मोबाईलवरच्या रमीत मुकुंदराव लागोपाठ पाचवा डाव हरले. पडद्यावर 'पैसे भरा' असं आलं आणि त्यांचं बोट तिकडे वळलं. खात्यात पेन्शनचे शेवटचे पाचशे उरले होते.

शैलाबाई असत्या, तर गोष्ट इथवर आलीच नसती. रविवारी जेवणं आटोपली की दोघं सतरंजीवर रमी मांडायची. जो लागोपाठ दोन डाव हरेल त्याने उठून चहा टाकायचा, हा शैलाबाईंचा नियम.

"अजून एकच डाव," मुकुंदराव काकुळतीला यायचे.

"अहो, हरलेल्याचं डोकं तापलेलं असतं. आधी आधण तापवा," असं म्हणत त्या पत्ते पदराखाली दडवायच्या. चहा उकळेपर्यंत मुकुंदरावांची हार उतरलेली असायची.

त्यांनी बोट मागे घेतलं आणि मुलीला फोन लावला.

"मृणाल, मी मोबाईलवर पैसे लावून खेळतो. बरेच घालवलेत. ते खेळाचं खातं कायमचं बंद करून दे."

"बाबा, कधीपासून?"

"तुझी आई गेल्यापासून. त्या खेळातून रोज 'या, तुमचीच वाट पाहतोय' असा मेसेज तरी यायचा."