पहिल्यांदा पिणाऱ्यासाठी

“पेनारा कोन हाये, बाई?” दुकानदार बाबूलालनं विचारलं.

“पयल्यांदाच पेनार हाये. अशी द्या, का एक घेतली का दुसरी मांगन,” हिरीबाई म्हणाली.

वाशीमजवळच्या मालेगावातल्या त्या वाइन शॉपवर दुपारची गर्दी नव्हती. साठीची, तांड्यावरची बाई जाळीसमोर उभी राहून स्कॉच मागते, हे बाबूलालनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं चार बाटल्या फळीवरून खाली उतरवायला लावल्या. मग त्यालाही रंग चढला.

“हे नोका घेऊ. याच्यात धुराचा वास येते. जुन्या पेनाऱ्याले चालते, नवा मानूस तोंड वाकडं करन.” त्यानं दुसरी बाटली पुढं सरकवली. “हे न्या. मधावानी उतरते. बरफ टाकू नोका. पान्याचे दोन-चार थेंब, बस.”

एका दिवसाच्या परवान्यावर नाव काय लिहू, असं त्यानं विचारलं.

“माह्यंच लिवा,” हिरीबाई म्हणाली. दोन बकऱ्या विकून आलेले पैसे तिनं काउंटरवर ठेवले आणि बाटली पदराखाली धरून एसटी स्टँडकडे निघाली.

राजपाल तिचा एकुलता एक. त्याला पहिला ग्लास दिला तो रामरावनं. निवडणुकीचे दिवस होते, पोरगा एकोणीस वर्षांचा होता. ‘घे लेका, मानूस हो,’ असं म्हणून सगळ्यांदेखत दिला. गावातलं देशी दारूचं दुकान रामरावचंच. स्वतः मात्र तो सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसे. पंचविसाव्या वर्षी राजपाल पोटात पाणी होऊन गेला. मातीला रामराव आला होता. जाताना तिला म्हणाला, “आपन कोनाच्या तोंडात वतत नाई, हिरीबाई. पेनाऱ्यानंच समजलं पाह्यजे.”

त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत हिरीबाईनं रामरावला एकही शिवी दिली नाही. रस्त्यात दिसला तर ती मान लववायची. ती वाट पाहत होती.

रामरावलाही एकच मुलगा, विनोद. राजपालच्या वर्गातला. वाशीमला खोली घेऊन अभ्यास करायचा. गेल्या आठवड्यात तलाठी भरतीच्या निवड यादीत त्याचं नाव आलं आणि गावानं सत्कार ठरवला. हिरीबाईनं त्याला निरोप धाडला: राजपालचा दोस्त आहेस, सत्काराच्या आधी माझ्या घरी येऊन जा.

तो आला. राजपालच्या बाजेवर बसला. हिरीबाईनं त्याच्यासमोर स्टीलचा ग्लास ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि मधोमध बाटली ठेवली.

“राजपाल असता तं त्यानंच पाजली असती,” ती म्हणाली. “आजच्या दिवशी एक घे. मानूस हो.”

विनोद दचकला नाही. त्यानं एका पिळ्यात झाकण उघडलं आणि अर्धा ग्लास भरला. हिरीबाई पाण्याचे थेंब टाकायला तांब्या उचलते तोवर ग्लास रिकामा झाला होता. त्यानं तोंड वाकडं केलं नाही. उलट ग्लास धरताना थरथरणारा त्याचा हात आता स्थिर झाला.

तो हात हिरीबाईनं ओळखला. शेवटच्या वर्षी राजपालला सकाळी चहाची कपबशी धरवत नसे. ती विनोदच्या जवळ सरकली. दारातून आलेल्या उन्हात तिनं त्याचे डोळे नीट पाहिले. हळद लागल्यासारखे होते.

“किती सालं झाली?”

“पाच-सहा झाली असतीन. वाशीमले रूमवर लागली.” त्यानं दुसरा ग्लास भरला. “मावशी, बाबाले सांगजा नोका. त्यायले वाटते मी चहा बी पेत नाई.”

हिरीबाईला हसू येईल असं वाटलं. बाटली फुकट गेली होती. जे तिला करायचं होतं, ते आधीच होऊन बसलं होतं. आता तिनं फक्त गप्प बसायचं होतं. वर्ष, फार तर दोन वर्षं. मग त्याच्या मातीला जायचं, रामरावसमोर उभं राहायचं आणि त्याचंच वाक्य त्याला ऐकवायचं. तिनं ते मनातल्या मनात एकदा म्हणूनही पाहिलं. गोड लागलं.

“नाई सांगत,” ती म्हणाली आणि तिसरा ग्लास तिनं स्वतः भरला.

तो संपवून विनोद तिथंच आडवा झाला. थोड्या वेळानं झोपेत कण्हला. गुडघे जवळ घेतले आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. राजपाल असाच निजायचा. तो रोज पितो हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं; वाटायचं, उन्हातान्हाचं पित्त झालं असेल. ती त्याला ओवा चावायला द्यायची. महिनोन्‌महिने देत राहिली.

हिरीबाई उठली. मग तिनं उरलेली स्कॉच अंगणातल्या मातीत ओतली, त्याच्या अंगावर गोधडी टाकली आणि गावाकडे निघाली.

रामरावच्या दारात मांडव घातला होता. तो स्वतः खुर्च्या पुसत होता. तिला पाहून त्यानं पेढ्यांचा डबा उघडला.

“ये हिरीबाई, तोंड गोड कर. विनोद दिसला काय कुठी?”

“माह्या घरी पेऊन पडला हाये,” ती म्हणाली. “पाच-सहा सालापासून पेते. डोळे पिवळे झाले त्याचे. सत्कार राहू द्या, आजच दवाखान्यात न्या. अजून टाइम हाये.”

रामरावच्या हातातला डबा कलला. दोन पेढे मातीत पडले.

“बाबाले सांगू नोका म्हने तो,” हिरीबाई म्हणाली. “राजपालनं बी तुमाले तेच म्हटलं असन, रामराव, मायले सांगू नोका म्हनून. तुमी गप राह्यले. मी सांगून राह्यली.”