लाल खिडकी

इश्वरच्या घरी राइस मिलमधला जुना फोन अजून आहे. त्या एका तारेवर चार घरांचे फोन होते. दुसऱ्या कोणी चोरून कान लावला की फोनवरच्या इवल्या खिडकीत लाल पत्रा पडायचा. लाल दिसलं की खरं बोलायचं नाही, हे त्यानं लेकीला, रीताला, लहानपणीच शिकवलं होतं.

रीताच्या सासरी सुनेचा मोबाइल स्पीकरवरच लावतात आणि त्याला संस्कार म्हणतात.

"कशी आहेस व बाई?" इश्वरनं विचारलं.

"मजेत आहो, बाबा. आपल्या जुन्या फोनची खिडकी लाल आहे का?"

"कायची खिडकी?" मधातच तिचा नवरा खेकसला.

"भंगारातली, जावईबापू," म्हणत इश्वरनं गाडीची किल्ली उचलली.