मागचा दम

"चला, निघू या!" सगळ्यांनी सॅक पाठीला लावल्या, आणि तेवढ्यात धापा टाकत पोचलेल्या कीर्तनकार कुमुदताई चहाच्या टपरीच्या पायरीवर मटकन बसल्या. नेपाळच्या डोंगरातला आज तिसरा दिवस, आणि तिसऱ्या दिवशीही तेच!

"मावशी, तुझ्यासाठीच थांबलो होतो गं, चांगला अर्धा तास," भाची म्हणाली.

"थांबता कसले! मी पोचले की उठता. मग मी बसायचं कधी? जा तुम्ही. मी इथूनच खाली उतरते!"

सोबतचं जर्मन जोडपं गोंधळलं. वाटाड्या पेम्बाने ताईंच्या हाती चहा दिला. "दीदी, अब आप आगे चलिए. सब आपकी चाल से चलेंगे."

पेला ओठांशीच थबकला. वीस वर्षं कीर्तनात ताईंच्या मागे उभे राहून त्यांची ओळ उचलून झील धरणारे भिकोबाकाका दर वेळी विनवायचे, "ताई, लय जरा उतरवा, दम पुरत नाही." आणि रंगात आलेल्या ताई लय आणखी चढवायच्या.

भाचीचा फोन मागून त्यांनी काकांना लावला.

"काका, तुमचं मला ऐकू यायचं हो," त्या म्हणाल्या. "तरी मी थांबत नव्हते."