आणखी काही?

हेडफोन कानाला लावून तिने पुढची मुलाखत सुरू केली. सरकारने अर्ध्या शहरातल्या एकट्या म्हाताऱ्यांचा घरपोच डबा बंद केला होता, उरलेल्या अर्ध्यात चालू ठेवला होता. त्याने काय फरक पडला, हे तिच्या संस्थेला मोजायचं होतं. घरोघर जाऊन प्रश्न विचारायचं काम पोरींचं. त्यांनी ते नीट विचारले की नाही, हे रेकॉर्डिंग ऐकून तपासायचं काम हिचं. नाव नाही, पत्ता नाही. नुसता एक आकडा आणि आवाज.

"या, बसा. खुर्चीचे तीनच पाय धड आहेत, पण तुमचं काय ओझं होणार तिला."

त्या खुर्चीवर ती रविवारीच बसली होती.

ओळखीचं माणूस निघालं की रेकॉर्डिंग दुसऱ्याकडे द्यायचं, असा नियम होता. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"गेल्या आठवड्यात एखाद्या वेळचं जेवण चुकलं?" पोरीने विचारलं.

"रात्रीचं रोजच चुकतं. सकाळी करून ठेवतो ते दुपारी संपतं. संध्याकाळी गुडघे ओट्यापाशी उभं राहू देत नाहीत."

डबा बंद झाला तेव्हा बाबा म्हणाले होते, मला मस्त जमतो स्वयंपाक. तिलाही ते खरं मानणं सोयीचं पडलं होतं.

"आणखी काही?" पोरीने विचारलं आणि ती गप्प बसली. असंच करायचं असतं. हळहळायचं नाही, सुचवायचं नाही, नुसतं थांबायचं. हे पोरींना हिनेच घोकून घोकून शिकवलं होतं.

"एकदा न्हाणीघरात डोळ्यांपुढे अंधारी आली. पडलो. पण हे कुणाला सांगू नका हं. मुलीला कळलं तर उचलून घरी नेईल. तिचं घर चांगलं आहे हो. पण तिथे मी पाहुणा."

रेकॉर्डिंग संपलं. मुलाखत नियमाप्रमाणे झाली का, असं पडद्यावर विचारलं होतं. झाली होती. तिने 'होय' दाबलं आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

"बाबा, काल रात्री जेवलात ना?"

"पोटभर जेवलो, ठमे. तुझी आई असती तर म्हणाली असती, जरा हात आखडता घ्या."

खोटं बोलताना बाबांना हमखास विनोद सुचायचा. तिला भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त राग येत होता. कुठे पडलात, किती लागलं, सगळं ओठांवर आलं होतं. पण इथे ऐकलेलं इथेच ठेवीन, असं तिने लिहून दिलं होतं. आणि एकदा का बाबांना कळलं, की ते पुन्हा कुणापाशीच तोंड उघडणार नाहीत. शेवटी तोंडून निघालं ते सवयीचं.

"आणखी काही?"

पलीकडे बाबा हसले.

"अगदी त्या सर्व्हेवाल्या पोरीसारखं विचारतेस. आली होती एक परवा. गुणी होती."

"तिला काय सांगितलंत?"

"तिला सगळं खरं सांगितलं," बाबा म्हणाले. "ती थोडीच आपली होती."