आधी सील

"साहेब, सील शाबूत आहे," फोनवर एक बाई बोलली आणि कडूंचा जीव भांड्यात पडला.

नंबर दगडू ड्रायव्हरचा होता. कालपासून लागत नव्हता. त्याच्या ट्रेलरवर नेपाळला जाणारा कंटेनर होता. असा माल आपल्या देशातून नुसता पुढे जातो, त्यावर इथे कर भरत नाहीत. पण सरहद्द ओलांडेपर्यंत कुणालातरी त्या कराची हमी द्यावी लागते. ती कडूंनी दिली होती, उरणचं राहतं घर बँकेत गहाण टाकून. वाटेत कस्टमचं सील तुटलं, तर सरकार हमी वसूल करणार आणि घर जाणार. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी दटावून ठेवलं होतं, "फोन केलास की आधी सील सांगायचं. बाकीचं रामायण नंतर."

"शाबास!" कडू खुर्चीत रेलले. "पण तू कोण गं? दगडूला दे फोन."

"मी त्यांची घरवाली. धुळ्याच्या सिव्हिलातून बोलतेय. काल पहाटे गाडी उलटली. कंटेनर धड आहे, पोलीस बसलेत राखणीला. शुद्धीवर होते तोवर एकच घोकत होते, साहेबांना आधी सील सांग, बाकीचं नंतर."

कडू ताडकन उठून उभे राहिले.

"आता कसा आहे तो?"

तिच्यामागे कुणीतरी खेकसलं, "बॉडी कोण ताब्यात घेणार?"

"साहेब," ती हळूच म्हणाली, "बाकीचं सांगू का आता?"